वादळ दिसतं, भाव दिसत नाही

समुद्रावरचा कुठलाही चित्रपट किंवा माहितीपट पाहायला बसलो की हल्ली मी आधी एकच गोष्ट शोधतो. यात मासळीचा भाव ठरताना दिसतो का? वादळ सगळेच दाखवतात. उसळणारी लाट, फुटणारी होडी, किनाऱ्यावर डोळे लावून उभी असलेली बाई हे कॅमेऱ्याला आवडतं, आणि ते खोटंही नसतं. पण मच्छीमार बुडतो तो पुष्कळदा कोरड्या जमिनीवर, हिशेबाच्या वहीत. तिथे कॅमेरा क्वचितच थांबतो.

रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'मॅन ऑफ अरान' (१९३४) हा या घराण्याचा मूळपुरुष. आयर्लंडच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये असलेल्या अरान बेटांवर तो चित्रित झाला. उघड्या कातळावर समुद्रशेवाळ पसरून, खडकाच्या भेगांतून ओंजळ ओंजळ माती खरवडून आणून बटाट्याची जागा तयार करणारी माणसं त्यात आहेत. ते दृश्य मी कितीही वेळा पाहू शकेन. चित्रपटाचा मोठा भाग मात्र बास्किंग शार्कच्या शिकारीवर खर्च झाला आहे. ती शिकार बेटावर पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच बंद पडली होती. बेटकऱ्यांना ती चित्रीकरणासाठी नव्यानं शिकवावी लागली. पडद्यावरचे आईबाप आणि मुलगाही एका घरातले नव्हते. १९७८ मध्ये जॉर्ज स्टोनी या माहितीपटकारानं बेटांवर परत जाऊन 'हाऊ द मिथ वॉज मेड'मध्ये ही सगळी जुळवाजुळव तपासली.

ही जुळवाजुळव मला फारशी खटकत नाही. खटकतं ते जे गाळलं ते. दारिद्र्य आलं कुठून, जमीन कुणाच्या नावावर होती, खंड कुणाला द्यावा लागे, यातलं काहीही चित्रपटात येत नाही, अशी टीका तेव्हाही झाली होती. फ्लाहर्टीच्या बेटावर माणसाचा शत्रू एकच, समुद्र. समुद्राशी झगडणारा माणूस भव्य दिसतो, आणि त्या भव्यतेत सावकार, जमीनदार, व्यापारी सगळे सुखरूप लपून जातात.

लुकिनो व्हिस्कोंतीच्या 'ला तेरा त्रेमा'मध्ये (१९४८) मात्र त्यांना लपायला जागा नाही. सिसिलीतल्या आची त्रेत्सा या कोळ्यांच्या गावात तो चित्रित झाला. आधार जिओवानी वेर्गाच्या १८८१ सालच्या कादंबरीचा, पण नट सगळे गावचेच. ते आपल्या बोलीतच बोलतात, आणि ती उरलेल्या इटलीला समजणार नाही म्हणून व्हिस्कोंतीनं इटालियन निवेदन जोडलं. इटालियन कम्युनिस्ट पक्षाच्या पैशांवर सुरू झालेलं हे काम मुळात माहितीपटाचं होतं. समुद्र, शेत आणि खाण अशा तीन भागांची कल्पना होती. झाला तो समुद्राचा भाग.

पहाटे होड्या किनाऱ्याला लागतात आणि व्यापारी पुढे सरसावतात. रात्रभर जागलेले कोळी आणि झोप झालेले व्यापारी यांच्यात भावाची घासाघीस सुरू होते. कोण जिंकणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, कारण मासळी थांबत नाही आणि व्यापारी थांबू शकतो. एके दिवशी न्तोनी हा तरुण कोळी भडकतो आणि व्यापाऱ्यांचा तराजू उचलून समुद्रात फेकतो. माझ्या लेखी सागरी सिनेमातला हा सगळ्यात मोठा क्षण आहे, आणि त्यात लाट नाही. पोलीस पोरांना धरून नेतात. मग व्यापाऱ्यांच्याच लक्षात येतं की होड्या नेणारे हात गजाआड राहिले तर आपलाच धंदा बसेल, आणि तेच पोरांना सोडवून आणतात.

न्तोनीला त्यातून आपली ताकद कळते. घर गहाण ठेवून तो स्वतःचा धंदा मांडतो. घरातली सगळी माणसं मिळून मासे पिंपांत खारवतात, आणि तेवढाच वेळ या घरात हसू ऐकू येतं. कर्ज फेडायचं म्हणून हवा वाईट असतानाही होडी लोटावी लागते आणि वादळात ती फुटते. वादळ इथेही आहे, पण त्याच्या तोंडी माणसाला देतो तो बँकेचा हप्ता. मग व्यापारी येतात आणि खारवलेल्या पिंपांना मातीमोल भाव देतात. घर जातं, भाऊ गाव सोडतो. शेवटी न्तोनी त्याच व्यापाऱ्यांकडे रोजावर जायला उभा राहतो, तेव्हा ते खदाखदा हसतात.

आपल्याकडचा 'चेम्मीन' (१९६५) लोकांना आठवतो तो सलील चौधरींच्या गाण्यांसाठी आणि समुद्रमातेच्या कोपासाठी. नवरा समुद्रात असताना बायकोचं पाऊल वाकडं पडलं तर माता त्याला गिळते, अशी ती समजूत. रामू करिआतच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. तो पुन्हा पाहाल तेव्हा होडी कुणाच्या पैशातून आली याकडे लक्ष ठेवा. नायिका करुत्तम्माचा बाप ती परीकुट्टी या छोट्या व्यापाऱ्याच्या मदतीवर घेतो. बोली अशी की मासळी त्यालाच विकायची. होडी दारात येताच बाप शब्द फिरवतो आणि परीकुट्टी धुळीला मिळतो. तकळींच्या मूळ कादंबरीतही हे ठसठशीत आहे. इथे बुडवणारा कोळी आणि बुडणारा व्यापारी आहे, म्हणून ही गोष्ट व्हिस्कोंतीहून जास्त गुंतागुंतीची. मातेच्या कोपाखाली एक न फेडलेलं कर्ज आहे, आणि प्रेक्षकांनी त्याकडे फार थोडं पाहिलं.

ज्यानं आगाऊ पैसे दिले त्याच्याच हाती मासळी घालायची, ही रीत कोकणपट्टीलाही नवी नाही. डिझेल, बर्फ, जाळं, खलाशांची उचल हा खर्च आधी उभा राहतो, मासळी मागाहून येते.

सर्वनिक कौर यांचा 'अगेन्स्ट द टाइड' (२०२३) म्हणूनच मला जवळचा. मुंबईतल्या दोन कोळी मित्रांच्या या माहितीपटाला सनडान्स महोत्सवात ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला. एक मित्र बापाची होडी घेऊन किनाऱ्यालगत जुन्या पद्धतीनं मासेमारी करतो. त्याच्या जाळ्यात येतं ते कमी कमी होत चाललंय आणि घरात आजारी तान्हं मूल आहे. दुसरा स्कॉटलंडमध्ये शिकून आलेला, खोल समुद्रात बोटी नेणारा, कर्जात रुतलेला. तो एलईडीकडे वळतो. रात्री पाण्यावर प्रखर दिवे लावले की मासळी उजेडाकडे धावते आणि जाळ्यात सापडते, लहानमोठी सगळीच. केंद्र सरकारनं या पद्धतीवर २०१७ मध्येच बंदी घातली आहे. कौर यांचा कॅमेरा या माणसाला खलनायक करत नाही. रात्री दिवे का लागतात याचं उत्तर त्याच्या हप्त्यांत आहे, हे तो दाखवतो, आणि त्याच दिव्यांमुळे मित्राचं जाळं रिकामं येतं हेही.

'ब्लू प्लॅनेट'सारख्या मालिकांनी समुद्राचं सौंदर्य घराघरांत नेलं, त्याचं ऋण मोठं आहे. डेव्हिड ॲटनबरोंच्या 'ओशन'मध्ये (२०२५) ट्रॉलचं जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं ते पाहताना अंगावर काटा येतो. पण ती बोट कुणाच्या कर्जावर चालते, हे कळल्याशिवाय तो काटा कुणाविरुद्ध न्यायचा?

मराठी पडद्यावर कोळी आला तो बहुतेक गाण्यात, टोपी आणि रुमाल लावून, फेर धरायला. आणि विषय तर दारात पडलेले आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्याचा पूल वरळी कोळीवाड्याच्या होड्यांच्या वाटेवर येणार होता. दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. भरतीत, वाऱ्यात एवढ्या फटीतून होडी नेणं जिवावरचं आहे, असं कोळ्यांनी सांगितलं आणि २०० मीटर मागितले. काम अडवलं, बैठका झाल्या, आणि एक खांब वगळून १२० मीटर मिळाले. पिढ्यान्‌पिढ्यांची वाट कागदावर मोजून मागावी लागली, अर्ध्यावर समजूत घालावी लागली. यात नाट्य आहे, बोलणारी माणसं आहेत, आणि ती याच शहरात राहतात. कुणा तरुण मराठी दिग्दर्शकानं आता कॅमेरा घेऊन तिथे जावं, आणि लाटांच्या आधी त्या बैठकांची इतिवृत्तं मागावीत.