घडीची सायकल घ्यावी का?

कोथरूडहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. घरापासून वनाझ मेट्रो स्टेशन दोन किलोमीटर, रामवाडीला उतरल्यावर ऑफिस आणखी तीन. दोन्हीकडे रिक्षा. भिशीचे पैसे हाती आलेत, त्यातून घडीची सायकल घ्यावी असं मनात आहे. पण ‘या वयात सायकल?’ म्हणून घरचे हसतात. शिवाय बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

हसणाऱ्यांना हसू द्या हो! तिसरा मजला मात्र विसरून चालणार नाही.

ज्यांना एकाच टोकाला सायकल लागते, त्यांनी साधीच घ्यावी आणि स्टेशनपाशी चांगलं कुलूप लावून ठेवावी. घडीची सायकल खरी कामाची ती दोन्ही टोकांना लागते तेव्हा. तुमचं तसंच आहे.

आता प्रकार. एक ब्रॉम्प्टनसारखी, १६ इंची चाकांची. लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात ही घडी बसवली. मागचं चाक पोटाखाली जातं, पुढचं बाजूला येतं आणि तेलकट चेन मधोमध लपते, त्यामुळे साडीला डाग नाही. घडी अगदी आटोपशीर, पण किंमत ऐकून भिशीच काय, पाटल्याही आठवतील! दुसरा प्रकार २० इंची चाकांचा, मधोमध बिजागरी असलेला. अमेरिकेत १९८२ साली सुरू झालेल्या डेहॉनने तो घरोघरी नेला. घडी थोडी ऐसपैस होते आणि चेन बहुधा बाहेर राहते, म्हणून वरून जुन्या चादरीची पिशवी शिवून घाला.

आपल्या रस्त्यांवर माझं मत २० इंचीला. लहान चाक खड्ड्यात जास्त आपटतं. आणि टायरवर ४०६ हा आकडा असेल तर तो मुलांच्या सायकलींच्या मापाचा, ट्यूब कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. १६ इंचीचं ३४९ माप शोधत फिरावं लागतं. चाक लहान म्हणून पाय दुप्पट मारावे लागतात, हा मात्र गैरसमज. पुढचं दातेरी चक्र त्या हिशेबाने मोठं केलेलं असतं.

वजन १२ ते १५ किलो धरा. म्हणजे जवळजवळ रिकामा गॅस सिलिंडर! दुकानात जाण्याआधी पिशवीत १२ किलो तांदूळ भरून एकदा जिना चढून पाहा, तेही संध्याकाळी, ऑफिसातून दमून आल्यावर. दुसऱ्या मजल्यावरच कंबर बोलू लागली, तर खाली कुणाच्या गॅलरीत जागा मिळते का ते आधी विचारा. ती न मिळाल्यास घेऊ नका, रिक्षाच बरी.

दुकानात घडी स्वतः घालून पाहा, दुकानदाराला घालू देऊ नका. त्याचे हात सरावलेले असतात. सीटच्या दांड्यावर खूण असते, ती नळीच्या आतच राहायला हवी. चेनकव्हर नसेल तर बसवून घ्या, ओढणीसाठी.

बिजागरीची खिट्टी लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय निघू नका. मी एकदा घाईत निघाले, फाटकापाशीच हँडल कलंडलं. गुडघा सोलवटला आणि शेजारच्या काकूंना आठवडाभर विषय मिळाला.

मेट्रोत गर्दीच्या वेळी घडी घातलेली सायकलही पायात येते, तेव्हा सुरुवातीला एखादी लवकरची गाडी पकडा.