आवाज बदलायचाय? आधी सोल्डर तापवा

रेडिओ दुरुस्तीत केस पांढरे केलेल्या मला शाळांच्या विज्ञान प्रदर्शनातले ज्वालामुखी आता बघवत नाहीत. भिवंडीच्या पोरांनी आवाज बदलणारं सर्किट मांडावं. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओमधले, गुंडाळीच्या मधोमधून तार बाहेर आणलेले २ छोटे ट्रान्सफॉर्मर, ४ डायोड, ५५५ टायमर, माइक, अँप्लिफायर. भंगारात नाही मिळालं तर लॅमिंग्टन रोडवरचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहेच. टायमर ३० हर्ट्झवर ठेवला की डायोडांचं कडं आवाज सेकंदाला ३० वेळा उलटसुलट करतं. २०० हर्ट्झचे १७० आणि २३० होतात, माणूस यंत्रासारखा घरघरतो. बीबीसीने १९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या डालेक या परग्रही खलपात्रांना असाच आवाज दिला. (शेजारी माग चालू असतील तर माइक त्यांचीच खटखट पकडतो, तेवढं सांभाळा.)

‘अ‍ॅप फुकट असताना ही खटपट कशाला?’ असं पालक विचारतात. अ‍ॅपच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून. आवाज बदलता येतो हे स्वतः करून पाहिलेली, उलटा लागलेला डायोड शोधून काढणारी मुलगी ओळखीच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला, तर आधी तो ठेवेल आणि स्वतः त्या माणसाचा नंबर फिरवेल, असं मला वाटतं. सोल्डरिंगच्या वेळी मोठं माणूस शेजारी हवं आणि बॅटरी ९ व्होल्टची. सर्किट घरच्या प्लगला जोडायचं काम नाही.