आजी-आजोबांसह दुचाकीची सहल : वाट कशी आखावी?

घरातील ज्येष्ठ व्यक्ती कोणकोणत्या कारणांसाठी घराबाहेर पडते, याची एक महिनाभर नोंद ठेवून पाहावी. बहुतेक घरांत ही यादी दवाखाना, रक्ततपासणी, औषधांचे दुकान, बँक आणि एखादे लग्नकार्य एवढ्यावरच संपते. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले, तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण उपचारांसाठी या गावी येत आले आहेत. येथील रहिवाशांना तर दवाखाना अगदी हाकेच्या अंतरावर लाभला आहे. मात्र याच गावातील कितीतरी आजी-आजोबांनी तीन-चार किलोमीटरवरचा कृष्णाघाट वर्षानुवर्षे पाहिलेला नसतो. मोकळी हवा, नदीचे पात्र, उसाचे मळे, ओळखीच्या देवळाचे शिखर यांचे दर्शन मनाला जी उभारी देते, ती घरात बसून मिळत नाही.

पुष्कळ कुटुंबांत वाहन म्हणून केवळ दुचाकीच असते. तेव्हा प्रश्न असा, की वयस्कर माणसाला मागे बसवून वीस-पंचवीस किलोमीटरची सहल करता येईल काय? प्रकृती बेताची चांगली असेल आणि वाट विचारपूर्वक आखली असेल, तर येईल. ती वाट मोबाइलवरील नकाशाच्या साह्याने कशी आखावी, याचा विचार आज करू.

कोणी जाऊ नये

प्रथम नकार कोठे द्यावा ते पाहू. नुकतेच हाड मोडलेले आहे, शस्त्रक्रियेला फार दिवस झालेले नाहीत, वारंवार चक्कर किंवा फिट येते, रक्तदाब आटोक्यात नाही, मागे बसल्यावर पकड टिकत नाही अथवा स्मृतिभ्रंशामुळे मध्येच हात सोडण्याचा संभव आहे, अशा व्यक्तींना दुचाकीवर नेऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर साध्या पडण्यानेही डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज निघू नये. हाडे ठिसूळ झालेल्यांनीही, विशेषतः पाळी गेल्यानंतरच्या वयातील स्त्रियांनी, हा सल्ला घ्यावा. मागचा स्वार जवळजवळ मागील चाकावरच बसलेला असतो. त्यामुळे खड्ड्याचा किंवा गतिरोधकाचा दणका चालकापेक्षा त्याला अधिक बसतो, आणि ठिसूळ मणका अशा एका दणक्यानेही दबू शकतो. या साऱ्यांसाठी रिक्षा किंवा चारचाकी ठरवावी. वाट आखण्याची पुढील रीत त्यांनाही तितकीच उपयोगी पडेल.

नकाशाचा हिशेब कसा चालतो

मोबाइलवरील नकाशाला आपण दोन ठिकाणे सांगतो आणि तो बहुधा सर्वांत कमी वेळाची वाट पुढे करतो. कामावर जाणाऱ्याला हे सोयीचे असते. सहलीला निघालेल्या सत्तरीच्या माणसाला मात्र पाच मिनिटे वाचल्याने काही लाभ होत नाही. त्याला हवा असतो कमी दणक्यांचा, कमी वर्दळीचा, सावलीचा आणि मध्ये उतरता येईल असा रस्ता. हे गुण नकाशा मोजत नाही. ते आपण पाहावे लागतात.

गुगल मॅप्सने डिसेंबर २०१७ मध्ये भारतात दुचाकीचा स्वतंत्र पर्याय आणला. मोटारीला जाता येत नाही अशा आडवाटाही तो सुचवतो, हे त्याचे वैशिष्ट्य. तरुण स्वारासाठी ते उत्तम आहे; परंतु मागे आजी बसल्या असतील, तर तीच आडवाट खडीची किंवा बांधावरची निघण्याचा धोका असतो. म्हणून दुचाकी आणि मोटार या दोन्ही पर्यायांची वाट पाहावी. दोन्हींत फरक दिसला, तर त्या तुकड्याची उपग्रहचित्रे पाहावीत आणि गावातील माहीतगाराला विचारून घ्यावे.

सुचवलेली वाट नको असेल, तर वाटेवरील एखादे गाव ‘थांबा’ म्हणून जोडावे. नकाशा त्या गावावरून वाट आखून देतो. या एका युक्तीने मार्गाची निवड आपल्या हाती येते. उदाहरणादाखल मिरजेहून नृसिंहवाडीला जाण्याचा विचार करू. अंतर सुमारे २० किलोमीटर. एक वाट अंकलीच्या पुलावरून जयसिंगपूरकडे जाते. तिच्यावर महामार्गाची अवजड वाहतूक असते. दुसरी कृष्णाघाटाजवळच्या पुलावरून अर्जुनवाड आणि शिरोळमार्गे जाते. ही शेतांमधून जाणारी, त्यामुळे डोळ्यांना सुखावणारी. अर्जुनवाड हा थांबा जोडला, की नकाशा दुसरी वाट दाखवतो. तिची सद्यःस्थिती आदल्या दिवशी कुटुंबातील कोणी एकट्याने जाऊन पाहून यावी, हे सर्वांत उत्तम.

थांबे आधी, वाट नंतर

ज्येष्ठांसाठी वाट आखताना थांब्यांपासून प्रारंभ करावा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उतरून पाय मोकळे करता येतील अशी जागा निवडावी. तेथे सावली, बसायला कट्टा आणि शक्यतो स्वच्छतागृह असावे. ठरवलेल्या वाटेवर पेट्रोल पंप, औषधांचे दुकान, रुग्णालय असे शब्द घालून शोध घेतला, की ही ठिकाणे नकाशावर दिसतात. पंपावरील स्वच्छतागृह बसून उठण्याचे आहे की खुर्चीसारखे, पायरी उंच आहे काय, हे गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी महत्त्वाचे असते. तेही पाहणीच्या वेळी टिपून ठेवावे.

लघवीला जावे लागेल या संकोचाने अनेक ज्येष्ठ प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. त्यातून निर्जलीकरण होते, रक्तदाब उतरतो आणि दुचाकीवरून उतरताना घेरी येते. स्वच्छतागृहाची जागा आधी ठाऊक असली, की हा संकोच उरत नाही. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर त्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे. मनाने ती बंद करू नये. मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे, आणि इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या डिकीत ठेवू नये. वाडीचे पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी यांचा मोहही त्यांनी बेतानेच पुरवावा.

वाहन लावण्याच्या जागेपासून पुढे किती चालायचे, हेही मोजावे. नृसिंहवाडीचे दत्तमंदिर नदीकाठी खाली आहे. पायऱ्या उतरणे भाग असते आणि परतताना त्याच चढाव्या लागतात. नकाशा अंतर सांगेल, पायऱ्या मोजून देणार नाही. पौर्णिमा आणि दत्तजयंती या दिवशी तेथे मोठी गर्दी लोटते; ते दिवस टाळावेत. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी सांगलीजवळचे हरिपूर हे दुसरे ठिकाण सुचवता येईल. ‘संगीत शारदा’चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचे हे गाव. कृष्णा आणि वारणा यांचा संगम तेथे पाहावा, संगमेश्वराचे दर्शन घ्यावे आणि उन्हे चढण्यापूर्वी परतावे. प्रकृती उत्तम असलेल्यांना वाडीहून कुरुंदवाडमार्गे खिद्रापूरपर्यंत जाता येते. तेथील कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी वर्तुळाकार मोकळे आहे. त्याखाली शांत बसून आकाश पाहणे हा एक वेगळाच अनुभव असतो. पण वाडीला पोहोचल्यावर थकवा जाणवला, तर पुढचा बेत तेथेच सोडून द्यावा. प्रत्येक सहलीत ‘येथून मागे फिरता येईल’ असे एक ठिकाण आधीच ठरलेले असावे, म्हणजे ऐनवेळी कोणाला वाईट वाटत नाही.

जे ज्येष्ठांना ठाऊक असते

वाट आखताना ज्यांच्यासाठी सहल आहे त्यांना शेजारी बसवून घ्यावे. मोबाइल मोठ्या पडद्याचा नसेल, तर संगणकावर नकाशा उघडावा. कोठे जावेसे वाटते, कोणत्या गावी जुनी ओळख आहे, कोणता घाट लहानपणी पाहिला होता, हे त्यांना विचारावे. या निमित्ताने एरवी अबोल झालेली माणसेही बोलू लागतात. त्यांच्या बोलण्यात उपयुक्त माहितीही पुष्कळ असते.

पावसाळ्याचेच पाहा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या भागातील रस्ते पाण्याखाली गेले. पूल बुडाल्याची वार्ता मोबाइलच्या नकाशापर्यंत वेळेवर पोहोचेलच, याची शाश्वती नाही. सांगलीतील जुन्या माणसाला मात्र सवयच असते. तो पहिला प्रश्न विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’ १९२९ मध्ये खुल्या झालेल्या या पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. पावसाळ्यात नदीकाठची कोणतीही वाट धरण्यापूर्वी हा आकडा पाहावा. पाणी चढत असेल, तर नकाशा कितीही मोकळा रस्ता दाखवो, सहल पुढे ढकलावी.

ऊसतोडणीच्या हंगामातही असाच विचार करावा. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. अंधारात त्यांची मागची बाजू नीट दिसत नाही. म्हणून सकाळी लवकर निघून दुपारपूर्वी घरी यावे. उन्हाळ्यात तर दहा वाजेपर्यंतच परतणे श्रेयस्कर.

निघण्यापूर्वी

आदल्या रात्री मोबाइल पूर्ण चार्ज करावा. त्या परिसराचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवावा. मोबाइलला आपले स्थान उपग्रहांकडून कळते. त्यामुळे नेटवर्क गेले तरी उतरवलेल्या नकाशावर आपण कोठे आहोत ते दिसते. वाहतुकीची ताजी माहिती मात्र तेव्हा मिळत नाही. घरी राहणाऱ्या एका व्यक्तीला आपले स्थान काही तासांपुरते पाठवावे. अनेकदा ही व्यक्ती घरातील दुसरे ज्येष्ठच असतात. नकाशावर सरकणारा ठिपका पाहून त्यांचाही जीव शांत राहतो.

वाहन चालवताना मोबाइल हाती धरणे बेकायदेशीर आणि घातक आहे. तो दुचाकीवर घट्ट बसवलेल्या पकडीत ठेवावा, सूचना ऐकाव्यात आणि नकाशा पाहायचाच असेल तर बाजूला थांबून पाहावा. मागे बसलेल्या ज्येष्ठांच्या हाती मोबाइल किंवा पिशवी देऊ नये. त्यांचे दोन्ही हात पकडीसाठी मोकळे हवेत. हेल्मेट दोघांनीही घालावे, हनुवटीखालचा पट्टा लावावा. श्रवणयंत्र हेल्मेटमध्ये शिटीसारखा आवाज करत असेल, तर ते काढून डबीत ठेवावे आणि खुणा ठरवून घ्याव्यात : खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांबा. चालकाने ही खूण आज्ञा मानावी.

साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा चाकात जाणार नाही असा खोचावा. दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसल्याने तोल जाण्याचा धोका वाढतो. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसता येत नसेल, तर लांबची सहल रिक्षानेच करावी. चढता-उतरताना चालकाने दोन्ही पाय जमिनीवर रोवून वाहन स्थिर धरावे. उतरल्यावर ज्येष्ठांनी लगेच चालू लागू नये. मिनिटभर आधार धरून उभे राहावे. औषधांची यादी, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद त्यांच्या खिशात असू द्यावा. तातडीच्या वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

स्वतः दुचाकी चालवणाऱ्या ज्येष्ठांनी आणखी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. ५५ वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांपुरते होते आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते उपचार म्हणून न उरकता दृष्टी आणि श्रवण खरोखर तपासून घ्यावे. तसेच झोपेच्या, ॲलर्जीच्या आणि चक्करेवरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेतल्या असतील त्या दिवशी वाहन चालवू नये.

पहिली सहल लहान असावी

पहिल्या वेळी वाडी किंवा खिद्रापूर नको. मिरजेतून कृष्णाघाटापर्यंत जाऊन अर्धा तास बसून परत यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारावे : पाठ दुखते काय, पायावर सूज आहे काय, रात्री झोप कशी लागली? उत्तरे समाधानकारक असतील, तर पंधरा दिवसांनी अंतर थोडे वाढवावे. उत्तरे तशी नसतील, तर वाहन बदलावे. बाहेर जाणे बंद करू नये.

परतल्यावर दहा मिनिटे काढून नकाशावर ठिकाणांची आपली यादी करावी : येथे सावली आहे, येथे स्वच्छतागृहाला पायरी नाही, हा पाऊण किलोमीटर रस्ता उखडलेला आहे, येथे पिण्याचे पाणी मिळते. अशी ठिकाणे जतन करून त्यांपुढे टीप लिहिण्याची सोय मोबाइलमध्ये आहे. वर्षभरात ही यादी वाढत जाईल आणि शेजारच्या एखाद्या आजींना वाडीचे दर्शन घडवायचे ठरेल, तेव्हा त्यांच्या मुलालाही ती देता येईल.