इसापाचे अस्वल आणि खरे अस्वल

दोन मित्र आणि अस्वल ही इसापाची गोष्ट आपण सर्वांनी प्राथमिक शाळेत ऐकलेली असते. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून निपचित पडतो आणि अस्वल प्रेताला तोंड लावत नाही म्हणून वाचतो. मैत्रीचा धडा म्हणून गोष्ट चांगली आहे. प्राणिशास्त्र म्हणून मात्र ती धोक्याची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तपकिरी अस्वल मेलेली जनावरे आवडीने खाते आणि प्रसंगी झाडावरही चढते.

मग अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आजही 'निपचित पडा' असे का सांगतात? त्याचे कारण निराळे आहे. पिलांची आई बहुधा भक्ष्यासाठी नव्हे, तर संकट दूर करण्यासाठी अंगावर येते. समोरचा निश्चल झाला की तिच्या दृष्टीने संकट टळते. म्हणून अस्वलाने प्रत्यक्ष झडप घातल्यावर पाठीवरची पिशवी न काढता पालथे पडायचे आणि दोन्ही हात मानेमागे गुंफायचे. हल्ला थांबलाच नाही, किंवा अस्वल रात्री तंबूत शिरले, तर मात्र सर्व शक्तीनिशी प्रतिकार करायचा. ज्याला केवळ गोष्ट ठाऊक आहे, त्याला हा फरक कसा कळणार?

आता थोडे गणित करू. (भौतिकीच्या शिक्षकाला त्यावाचून चैन पडत नाही!) यलोस्टोनमध्ये अस्वलापासून निदान ९१ मीटर दूर राहावे असा नियम आहे. तपकिरी अस्वल ताशी सुमारे ५५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर धावू शकते. हे अंतर ते सहा सेकंदांत तोडील. २००९ साली उसेन बोल्टने १०० मीटरची शर्यत ९.५८ सेकंदांत जिंकली. त्यालाही येथे पळून सुटता आले नसते. तिकडचे लोक मिरचीतील दाहक द्रव्याचा फवारा जवळ बाळगतात. त्याचा पल्ला धरा नऊ मीटर. तेवढे अंतर अस्वल ०.६ सेकंदात कापते. तेव्हा फवाऱ्याचा डबा पिशवीच्या तळाशी असून काय उपयोग? तो कमरेलाच हवा.

पण खरा प्रश्न खरकट्याचा आहे. १९३१ ते १९६९ या काळात यलोस्टोनमध्ये अस्वलांमुळे दरवर्षी सरासरी ४८ माणसे जखमी होत. यांत काळी अस्वलेही आली. प्रवासी त्यांना हाताने खाऊ घालीत, कचऱ्याचे उकिरडे उघडे असत. १९७० च्या सुमारास उकिरडे बंद झाले, खाऊ घालण्याची बंदी कडक झाली, आणि पुढे हा आकडा वर्षाला सुमारे एकावर आला. अस्वलांचा स्वभाव काही बदलला नव्हता!

हीच जात आपल्याकडे लडाखमध्ये, द्रासच्या परिसरात आहे. (मेळघाटातले अस्वल वेगळ्या जातीचे.) हिमालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सामानाच्या याद्या मी पाहतो. त्यांत दोर असतो, शिट्टी असते. उरलेले अन्न घट्ट झाकून परत आणण्याचा डबा क्वचितच असतो. शिक्षकांनी तो यादीत पहिला लिहावा.