मोठा फोन की टॅबलेट? त्याआधी एक तपासणी

गेल्या मार्गशीर्षात उमरठ येथील एका घरी रक्तदाब पाहण्यासाठी गेलो होतो. भाताची झोडणी आटोपली होती. नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे पोलादपूर तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. मात्र आमच्या या डोंगरी भागातील इतर गावांप्रमाणे येथेही बऱ्याच घरांत म्हातारा-म्हातारीच राहतात आणि मुले मुंबईला असतात. त्या दिवशी थोरला मुलगा दोन दिवसांची रजा काढून आला होता. माझी तपासणी संपताच त्याने विचारले, “डॉक्टरसाहेब, आईचा टॅबलेट आता चालत नाही. नवीन टॅबलेट घ्यावा की मोठ्या पडद्याचा फोन पुरेल? फोनवर दिसत नाही, असे ती म्हणते.”

हा प्रश्न अलीकडे मला वारंवार विचारला जातो, आणि तो वैद्यकीयही आहे. वृद्ध माणसाचा डोळा, हात, मान आणि सुरक्षितता या चारही गोष्टींशी त्याचा संबंध आहे. म्हणून या वेळचे सदर याच विषयावर.

आधी मापे पाहू. २०१० साली ॲपलचा पहिला आयपॅड आला तेव्हा त्याचा पडदा ९.७ इंचांचा होता. पुढच्याच वर्षी सॅमसंगने ५.३ इंची गॅलेक्सी नोट आणला, तेव्हा ‘एवढा मोठा फोन कानाला कोण लावणार?’ असे लोक म्हणत. आज ६.७ इंचांचा फोन सर्रास दिसतो. मग ६.७ आणि १०.१ यांत फारसे अंतर उरले नाही, असे वाटणे साहजिक आहे. परंतु हे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे तिरपे मोजलेले असतात. पट्टी घेऊन मोजले तर अशा फोनचा पडदा साधारण ७ सेंटीमीटर रुंद आणि साडेपंधरा सेंटीमीटर उंच भरतो. टॅबलेटचा भरतो सुमारे साडेतेरा बाय साडेएकवीस. क्षेत्रफळ काढले तर टॅबलेट फोनच्या जवळजवळ पावणेतीन पट होतो. व्हिडिओ कॉलवरचे नातवंडाचे चित्र तर तिप्पट मोठे दिसते.

वाचनाचा हिशोब मात्र थोडा वेगळा आहे. अक्षरे दोन्ही यंत्रांवर हवी तेवढी मोठी करता येतात. उभ्या धरलेल्या फोनवर ठळक अक्षरांत ओळीला तीन-चारच शब्द मावतात आणि वाचताना धाप लागल्यासारखे होते. तोच फोन आडवा धरला तर ओळ साडेपंधरा सेंटीमीटरची होते, म्हणजे उभ्या टॅबलेटच्या ओळीपेक्षाही थोडी लांब. ओळी कमी दिसतात, बोटाने वारंवार सरकवावे लागते, एवढेच. औषधाची चिठ्ठी, निरोप, विजेचे बिल, पंचांगातील तिथी यांसाठी आडवा फोन पुरेसा आहे. रोज तासभर पोथी किंवा वर्तमानपत्र वाचणाऱ्याला टॅबलेटच सुखाचा होईल.

आता डोळ्याकडे वळू. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होत जाते आणि जवळचे पाहण्यासाठी चष्मा लागतो. वाचनाचा चष्मा साधारणतः ४० सेंटीमीटर अंतरासाठी दिलेला असतो. फोन लहान वाटला की माणूस तो नाकाजवळ आणतो. तरुण डोळ्याला ते जमते. साठीपुढच्या डोळ्याला चष्मा लावूनही २५ सेंटीमीटरवरचे अक्षर अस्पष्टच दिसते, कारण ते अंतर त्या चष्म्याचे नव्हेच. तेव्हा फोन जवळ आणण्याऐवजी हातभर दूर धरावा आणि अक्षरे वाढवावीत. टॅबलेट मांडीवर किंवा स्टँडवर ठेवला की तो आपोआप योग्य अंतरावर राहतो. टॅबलेटवर ‘चांगले दिसते’ याचे अर्धे श्रेय त्या अंतराला द्यावे लागेल.

हातांचा विचार केला तर दोन्ही यंत्रांची बाजू समान आहे. मोठ्या फोनचे वजन सुमारे २०० ग्रॅम, तर टॅबलेटचे त्याच्या दुप्पट किंवा अधिक. आडवे पडून टॅबलेट धरणाऱ्याचे मनगट लवकर दुखते. उलट, मोठा फोन एका हातात धरून त्याच हाताचा अंगठा टोकापर्यंत ताणला की अंगठ्याच्या बुडाशी असलेला सांधा कुरकुरतो, आणि त्या सांध्याची झीज उतारवयातील स्त्रियांमध्ये पुष्कळ आढळते. म्हणून फोन डाव्या हातात धरावा आणि उजव्या हाताच्या तर्जनीने चालवावा. ज्यांचा हात कापतो, त्यांची बोटे फोनवरील जवळजवळच्या चौकोनांवर चुकीच्या जागी पडतात. त्यांना टॅबलेटच हवा. आयुष्यभर शेतीत राबलेल्या बोटांची कातडी जाड आणि कोरडी असते. हे पडदे त्वचेतील ओलाव्यामुळे होणाऱ्या सूक्ष्म विद्युत बदलावर चालतात, त्यामुळे अशा बोटांना ते दाद देत नाहीत. बोट किंचित ओलसर करावे किंवा रबरी टोकाची पेनासारखी कांडी वापरावी. ‘मला जमत नाही’ असे म्हणून यंत्र बाजूला ठेवणाऱ्या कित्येकांची अडचण एवढीच असते.

यानंतर येतो सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अडीअडचणीला कोणते यंत्र उपयोगी पडेल? बाजारातील बरेच टॅबलेट केवळ वायफायवर चालतात. सिमकार्ड घेणाऱ्या सर्वच टॅबलेटवरून साधा फोन लावता येतो असेही नाही. छातीत कळ आली, पाय घसरून पडलात, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलीस-अग्निशमनासाठी ११२ हे क्रमांक लावता आले पाहिजेत. बँकेचा ओटीपी फोनवर येतो. निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा ओळखण्याच्या पद्धतीने हयातीचा दाखला घरबसल्या देता येतो; मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांत उमेद घालवून गावी परतलेल्यांना तालुक्याची एक फेरी वाचवणारी ही सोय आहे. तीही मोबाइल क्रमांकाशी बांधलेली आहे.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे नेटवर्क शोधत माणसे अंगणात, पायरीवर, बांधावर जातात. टॅबलेटला दोन्ही हात लागतात आणि पायाखालचे दिसत नाही. फोन खिशात किंवा कनवटीला राहतो, एक हात काठीला किंवा कठड्याला मोकळा राहतो. पडलेल्या माणसाच्या उपयोगी पडते ते अंगावर असलेले यंत्र; माजघरातील स्टँडवरचा टॅबलेट अंगणात पडलेल्याच्या कामाचा नाही. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड पाण्याखाली गेले, तळीये येथे दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे गमावली. अशा दिवसांत वीज जाते आणि टॉवरही बंद पडतात. म्हणून पावसाळ्यात प्रत्येक घरी भरलेली पॉवर बँक आणि एक साधा बटणांचा फोन असावा, असे मी आग्रहाने सांगतो. त्या फोनची बॅटरी कित्येक दिवस टिकते.

डॉक्टरांशी दूरसंवादाचे काय? २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि ई-संजीवनीसारख्या सरकारी सेवेतून घरी बसून सल्ला घेणे शक्य झाले. येथे दोन्ही यंत्रांचे काम निराळे आहे. रुग्णाला डॉक्टर नीट दिसावे, दोघा नवरा-बायकोने मिळून ऐकावे, यासाठी टॅबलेट बरा. डॉक्टरला रुग्णाच्या टाचेची जखम किंवा सुजलेला घोटा दाखवायचा असेल, तर हातात सहज फिरणारा फोन बरा.

तेव्हा उत्तर असे की घरात एकच यंत्र घ्यायचे असेल तर मोठा फोन घ्यावा. रोजच्या गरजा तो भागवतो. हात कापत असेल, उपचारानंतरही दृष्टी अधू राहिली असेल किंवा वाचनाची मनापासून आवड असेल, तर त्याच्या जोडीला टॅबलेट असावा. फोनच्या ऐवजी टॅबलेट मात्र घेऊ नये.

उमरठच्या त्या मुलाला मी हे लगेच सांगितले नाही. मला एक वाक्य खटकले होते: ‘फोनवर दिसत नाही’. त्याची आई बाहत्तर वर्षांची, बारा वर्षांपासून मधुमेही, स्वतःच्या हाताने इन्सुलिन टोचून घेणारी. मी म्हटले, “आजी, सिरिंज आणा बरे. संध्याकाळचे इन्सुलिन रोज घेता तसे भरून दाखवा, टोचू नका.” त्यांनी कुपी उलटी धरली, सिरिंज उजेडाकडे केली आणि सराईतपणे भरली. त्यांचा डोस १२ युनिटांचा. सिरिंजमध्ये १६ होते.

खोलीत कोणी काही बोलले नाही. मग आबा हळूच म्हणाले, “हिला रात्री घाम फुटून जाग येते. दोनदा तर अंग थरथरत होते. उपासामुळे असेल म्हणालो.” तो उपास नव्हता, रक्तातील साखर घसरत होती. उजव्या डोळ्यात बॅटरीचा झोत टाकला तर बाहुली पांढुरकी दिसली. मोतीबिंदू पिकत आला होता, आणि डाव्या डोळ्यातही त्याची सुरुवात होती. आजींनी हे वर्षभर कोणाला सांगितले नव्हते. “पोरांना रजा मिळत नाही. उगा कशाला घोर लावायचा?” एवढेच त्या म्हणाल्या. टॅबलेट हवा, एवढीच त्यांची तक्रार बाहेर पडली होती.

म्हणून काळजीवाहकांना माझी विनंती आहे. घरातील वडीलधारे माणूस मोठा पडदा मागू लागले, तर दुकानात जाण्याआधी पाच मिनिटे ही तपासणी करा. भरपूर उजेडात, वाचनाचा चष्मा लावून, ४० सेंटीमीटरवरून वर्तमानपत्राच्या दोन ओळी वाचायला सांगा. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याचा दोष दुसरा झाकून नेतो. नंतर तसेच एकेका डोळ्याने खिडकीचे गज पाहायला सांगा. गज वाकडे किंवा मध्येच तुटलेले दिसत असतील तर नेत्रपटलाचा विकार असू शकतो. त्यात दिरंगाई करू नये. दिव्याभोवती वलये दिसणे, समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशाने डोळे दिपणे ही मोतीबिंदूची लक्षणे असू शकतात. मधुमेह असल्यास काही तक्रार नसतानाही वर्षातून एकदा डोळ्यात थेंब घालून नेत्रपटल तपासून घ्यावे. पडदा कितीही मोठा केला तरी धूसर भिंगातून तो धूसरच दिसणार.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस भरल्यावर दुसऱ्या व्यक्तीला दाखवून आकडा मोठ्याने म्हणून घ्यावा. दृष्टी कमी असेल तर टिकटिक आवाजावर मोजता येणाऱ्या इन्सुलिन पेनाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. परस्पर बदल करू नये. घाम, थरथर, गोंधळ असे वाटले आणि साखर ७० च्या खाली आली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये आणि १०८ ला फोन करावा.

यंत्र कोणतेही घ्या, ते हाती देण्यापूर्वी अर्धा तास त्यासाठी द्या. अक्षरे आणि चिन्हे मोठी करा. पहिल्या पानावर चारच गोष्टी ठेवा: घरच्यांचे फोटो लावलेले क्रमांक, व्हिडिओ कॉल, डॉक्टर आणि १०८. कुलूपबंद पडद्यावरही दिसेल अशी आजारांची आणि औषधांची नोंद भरा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे पुन्हा पुन्हा सांगा. फसवणूक झालीच तर १९३० हा क्रमांक ताबडतोब लावायचा असतो, हे एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावा. दर वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर काढून दूरच्या डोंगराकडे पाहण्याची सवय लावा. एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात.

उमरठच्या आजींच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया माघात झाली, डाव्याची पावसाळ्यापूर्वी करायची आहे. इन्सुलिन आता आबा तपासतात, आकडा मोठ्याने म्हणतात आणि त्याशिवाय सुई टोचू देत नाहीत. मुलाने मोठा फोन घेतला. परवा आजींनी त्यावर मला स्वतः निरोप पाठवला. त्यात त्या दिवशीच्या साखरेचा आकडा होता आणि खाली एक ओळ: “डॉक्टर, तुमचे केस पिकलेत. व्हिडिओत आता दिसले.”