किल्ली कोणाच्या खिशात?

निकाल हाती आला, चार विषय राहिल्याचे कळले आणि वडिलांनी मुलाचा मोबाइल कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा, एरवी मवाळ स्वभावाचा. पहिल्या दिवशी तो भांडला. ते अपेक्षितच होते. पण पुढचे चार-पाच दिवस तो घरभर येरझारा घालीत राहिला, भरल्या ताटावरून उठला, रात्र रात्र जागा राहिला, धाकट्या बहिणीवर विनाकारण खेकसला. मी त्याचा शिक्षक. आईने मला गाठून दबक्या आवाजात विचारले, ‘‘सर, हा काही भलतेसलते तर घेत नसेल ना?’’

तो काहीही घेत नव्हता. दीड वर्ष तो मोबाइलवर एक खेळ खेळत होता. रोज सहा-सात तास.

ऐंशीच्या दशकात गर्दने मुंबई-पुण्याला विळखा घातला, तेव्हा ‘टर्की’ हा शब्द आपल्या कानावर आला. पदार्थ मिळाला नाही की व्यसनी माणसाच्या देहामनाची होणारी तगमग, ती टर्की. पण पोटात काहीच न जाता टर्की येऊ शकते काय?

वैद्यकशास्त्राचे उत्तर सावध आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली खेळांच्या आहारी जाण्याची नऊ लक्षणे नोंदवली. खेळ थांबल्यावर येणारी चिडचिड, चिंता वा उदासी हे त्यांपैकी एक. मात्र हा विषय त्यांनी ‘अधिक संशोधन हवे’ या सदरात ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात हा विकार रीतसर दाखल झाला आहे. पण तिथे टर्कीची अट नाही. खेळावर ताबा न राहणे, बाकी सारे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, या तीन खुणा तिथे महत्त्वाच्या मानल्या आहेत. दारू एकाएकी सुटली तर हात थरथरतात, फिट येते, भास होतात, प्रसंगी जीवावर बेतते. खेळ सुटल्यावर असे काही होत नाही. म्हणून घाबरून जाऊ नये. पण ‘नाटके करतोय’ म्हणून झिडकारूही नये.

मग साधा राग कोणता आणि तगमग कोणती? आवडती वस्तू हिसकावली तर कोणीही रागावतो. तो राग दिवसभरात निवळतो. तगमग दिवसेंदिवस टिकते आणि खेळ हाती येताच क्षणात शमते. खरी मेख इथेच आहे. सुरुवातीला मुलगा मजेसाठी खेळतो. पुढे पुढे तो न खेळल्याने येणारी अस्वस्थता घालवण्यासाठी खेळू लागतो. मजा केव्हाच संपलेली असते.

अशा मुलाशी कुलुपाच्या भाषेत बोलून काय साधते? मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पबजीवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या मुलांना अटकही केली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने तो खेळ देशभर बंद केला. २०२१ मध्ये तो नवे नाव घेऊन परतला. बंदीने हातातला खेळ जातो. संध्याकाळ मात्र रिकामीच राहते, आणि ती रिकामी संध्याकाळच मुलाला परत ओढून नेते.

माझे म्हणणे एवढेच, की वेळ ठरवताना मुलाला सोबत घ्यावे. यातल्या काही खेळांचा एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो. मध्येच उठणे म्हणजे सोबत्यांना तोंडघशी पाडणे. तेव्हा ‘आत्ताच्या आत्ता ठेव’ यापेक्षा ‘हा डाव शेवटचा’ हे त्याला पटते. सुटलेल्या तासांत मैदान, मित्र, एखादे काम असावे. पहिले काही दिवस घराने चिडचिड सोसावी. मुलगा मुळातच उदास वा भेदरलेला असेल, तर खेळ हा त्याचा आडोसा असू शकतो; तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवा. २०२२ साली सुरू झालेली ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते. आणि आम्ही प्राध्यापकांनी तरी हजेरीपटावरच्या गैरहजेरीमागे काय आहे, हे निकालाआधी विचारायला नको काय?

त्या वडिलांनी नवव्या दिवशी कपाट उघडले. रात्री दहाला मोबाइल मुलानेच आत ठेवायचा, असे ठरले. दोनदा करार मोडला, दोनदा पुन्हा झाला. चारपैकी दोन विषय सुटले आहेत. दोन बाकी आहेत. किल्ली सध्या आईकडे असते. ती एक दिवस त्याच्याच खिशात आली पाहिजे.