पुरावा विकत मिळावा, निष्कर्ष नाही

ऑनलाइन गुप्तहेरी खेळ सुरू केला की पहिलं प्रकरण हाती येण्याआधीच दोन आकडे ओळखीचे होतात: एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, आणि स्किल पॉइंट. प्रकरण सोडवलं की एक्सपी जमा होतो, तो पुरेसा साठला की लेव्हल वाढते आणि लेव्हलबरोबर स्किल पॉइंट मिळतो. तो बोटांचे ठसे घेण्यात घालायचा, साक्षीदाराला बोलतं करण्यात की कुलूप उघडण्यात, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की ती मुळात गुप्तहेरांसाठी नव्हतीच, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ती आली १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधून. तिथे राक्षस मारून आणि खजिना आणून अनुभव मिळे. घाव बसला की नाही हे फासेच ठरवत, त्यामुळे आकडा वाढणं आणि ताकद वाढणं ही एकच गोष्ट होती. गुप्तहेराचं काम वेगळं. जबानी आणि पंचनामा यांत मेळ कुठे बसत नाही हे हेरायचं असतं, आणि ते खेळणाऱ्याच्या डोक्यात घडतं. म्हणून माझं म्हणणं असं की पॉइंट खर्चून पुरावा मिळावा, आणखी एक प्रश्न विचारण्याची संधी मिळावी. निष्कर्ष मात्र कोणत्याही किमतीला मिळू नये.

२०११ सालचा ‘एल. ए. न्वार’ या बाबतीत फार शिकवून जातो, कारण त्यात दोन्ही तऱ्हा शेजारीशेजारी आहेत. १९४७ चं लॉस एंजेलिस, नायक कोल फेल्प्स नावाचा पोलीस अधिकारी. संशयित बोलतो तेव्हा त्याचा चेहरा वाचायचा आणि ठरवायचं: खरं बोलतोय, शंका घ्यावी, की सरळ खोटारडा म्हणावं. खोटारडा म्हटलं तर पुरावा समोर ठेवावा लागतो. ही रचना उत्तम आहे. पण बरोबर प्रश्नांतून एक्सपी साठतो, हुद्द्याच्या पायऱ्या चढत जातात आणि त्याबरोबर ‘इंट्यूशन पॉइंट’ मिळतात. असा पॉइंट घटनास्थळी वापरला की राहिलेले पुरावे नकाशावर दिसतात. याला माझी हरकत नाही. खोलीभर शोधत फिरण्याचा वेळ वाचतो, विचार वाचत नाही. चौकशीत वापरला की मात्र एक चुकीचा पर्यायच पडद्यावरून पुसला जातो. इंटरनेटला जोडलेल्या खेळाडूला याहून मोठी सोय होती: याच प्रश्नावर इतर खेळाडूंनी काय निवडलं, त्याची टक्केवारी पाहण्याची. म्हणजे समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहायचं सोडून बहुमताकडे पाहायचं. ज्या एका कामासाठी खेळ हाती घेतला, तेच काम पॉइंट देऊन टाळता येतं. शिवाय हे पॉइंट लवकर कमावतो तो ज्याला चौकशी आधीच जमते. अडलेल्याच्या हाती ते उशिरा पडतात.

आता ‘डिस्को एलिझियम’ पाहा, २०१९ चा. इथेही शंभर एक्सपीला एक स्किल पॉइंट असा रोकडा हिशेब आहे. चोवीस कौशल्यं, बुद्धी, मन, शरीर आणि हातापायांची चपळाई अशा चार गटांत सहा-सहा. कसोटीच्या वेळी दोन फासे पडतात आणि त्यांत कौशल्याचा आकडा मिळवला जातो. दोन्ही फाशांवर सहा आले तर यश ठरलेलं, दोन्हींवर एक आला तर अपयश. मग कौशल्य कितीही असो. त्यामुळे शक्यता कधी ९७ टक्क्यांच्या वर जात नाही आणि ३ च्या खाली येत नाही. पण खरी करामत पुढे आहे. यातलं प्रत्येक कौशल्य म्हणजे नायकाच्या डोक्यातला एकेक आवाज आहे. पॉइंट घातला की तो आवाज जास्त वेळा बोलतो. जास्त खरं बोलतो असं नाही. एका संशयित स्त्रीशी बोलताना तर मनोनिग्रहाचा आवाज बजावतो की बाकीचे सगळे तिच्या बाजूला गेले आहेत, त्यांचं ऐकू नकोस. लेव्हल वाढवून मिळतो तो सल्लागार, निकाल नाही, आणि कोणत्या सल्लागारावर भरवसा ठेवायचा हे खेळणाऱ्याकडेच राहतं.

अपयशालाही इथे मोल आहे. खानावळीमागच्या अंगणात प्रेत झाडाला कित्येक दिवस लटकलेलं आहे. जवळ गेलं की दुर्गंधीने पोट ढवळतं, सहनशक्तीची कसोटी लागते आणि ती हुकली तर तपास अधिकारी सहकाऱ्यादेखत ओकतो. कसोट्या दोन रंगांच्या असतात. पांढऱ्या कसोट्यांची सोय अशी की त्या कौशल्यात पॉइंट घातला की त्या पुन्हा देता येतात. लाल कसोटी मात्र एकदाच. प्रेत खाली उतरवायला नेम धरून दोर तोडता येतो, आणि नेम साधत नसेल तर बंदराच्या फाटकावरच्या धिप्पाड रखवालदाराला गळ घालता येते. फासे उलटे पडले म्हणून प्रकरण अडून बसत नाही, फक्त वाट बदलते आणि वाटेत भेटणारी माणसं बदलतात.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: तलवारीच्या खेळात आपण खेळणाऱ्याला खरी तलवार चालवायला लावत नाही, मग इथे खरी बुद्धी का चालवायला लावायची? सामान्य माणसालाही हुशार गुप्तहेर होऊन पाहायचा हक्क आहे. आहेच. पण गुप्तहेराची हुशारी सगळी एका जातीची नसते. विषाचा अंश ओळखणं, जुनी दप्तरं चाळणं, हस्ताक्षर पारखणं हे पात्राचं ज्ञान आहे आणि ते आकड्यांत बसतं. मिळालेले दुवे जोडणं खेळणाऱ्याचं. टेबलावरच्या खेळांनी ही सीमारेषा अनुभवातून आखली. १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’मध्ये ग्रंथालयात शोध घेण्याचंही कौशल्य टक्क्यांत मोजलं जाई. फासा चुकला की कागद सापडत नसे, आणि तोच कागद कळीचा असेल तर अख्खी मंडळी अडकून पडत. २००७ साली रॉबिन लॉज यांनी ‘गमशू’ पद्धतीत हा पेच सोडवला: योग्य कौशल्य असलेला माणूस योग्य जागी शोधू लागला की कळीचा दुवा मिळणारच, फासे नाहीत. पॉइंट खर्चायचे ते त्याहून जास्तीचं काही कळावं म्हणून. ही पद्धत अननुभवी माणसाला उपाशी ठेवत नाही आणि त्याचा विचारही हिरावून घेत नाही.

दुसरा आक्षेप निर्मात्यांचा आहे आणि तो व्यवहाराचा आहे. ऑनलाइन खेळात माणसं रोज येतात, रोज नवं प्रकरण हाताने लिहून देणं परवडत नाही, म्हणून साच्यातून प्रकरणं काढावी लागतात. साचा ओळखीचा झाला की खेळाडूला धरून ठेवायला वाढता आकडाच उरतो. ही अडचण खरी आहे. पण तेवढ्यावरून एक्सपी निव्वळ हजेरीला आणि प्रकरणांच्या संख्येला का द्यावा? १९८१ च्याच ‘शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह’मध्ये होम्सपेक्षा जितक्या जास्त ठिकाणी चौकशीला जाल, त्या प्रत्येक खेपेला पाच गुण कापले जातात. २०१८ च्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये जहाजावरच्या साठ जणांचं काय झालं ते शोधायचं असतं, आणि तीन जणांची नावं व गत बरोबर लागल्याशिवाय खेळ होकार देत नाही, त्यामुळे अंदाजाने दगड मारणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. साच्यातल्या प्रकरणांनाही हे लागू करता येईल. आरोपीचं नाव देताना कोणाची जबानी कोणत्या पुराव्यापुढे खोटी पडते, ती जोडीही खेळाडूला निवडायला लावावी. एक्सपी त्या जोडीवर द्यावा, आणि नाव बरोबर पण जोडी चुकीची असेल तर प्रकरण उघडंच ठेवावं.